नकाशात नसलेला पाईप

मिस्त्रीला कुणी विचारलं, की तुम्ही इथे नेमकं काय करता, तर तो म्हणायचा, "खोट्या खोलीचा खरा मालक आहे मी." ऐकणारा हसायचा. मिस्त्रीही हसायचा, पण उरकल्यासारखं, कारण हा विनोद त्याने इतक्या वर्षांत वापरून वापरून पार झिजवला होता.

गोष्ट मात्र खरी होती. बंद पडलेल्या अणुवीज केंद्राच्या कुंपणापासून तीन किलोमीटरवर एक जुनं गोदाम होतं. त्या गोदामात मिस्त्रीने प्लायवूड, पत्रा आणि रंगवलेला थर्माकोल वापरून एक अख्खी खोली उभी केली होती. केंद्राच्या अणुभट्टीखाली जी खरी खोली होती तिची ही जुळी बहीण. तेच दार, तेवढाच ठेंगणा बोळ, तेच डोक्याला लागणारे पाईप. खऱ्या खोलीत किरणोत्सर्गामुळे माणसाला सहा मिनिटांच्या वर थांबायची परवानगी नव्हती. म्हणून प्रत्येक काम आधी या खोट्या खोलीत पन्नास-पन्नास वेळा करायचं, पाढ्यांसारखं घोटायचं, आणि मग खऱ्यात जाऊन डोळे मिटून उरकायचं, अशी तिथली रीत. अंगावर तोच जाड पोशाख, तोंडावर तोच मुखवटा, हातात तीच अवजारं. बाहेर खुर्ची टाकून मिस्त्री बसायचा आणि ओरडायचा, "डावीकडे! वाक आता! तिथे पाईप आहे, खऱ्यात डोकं फुटेल!"

अकरा वर्षांपूर्वी तिथल्या भट्टीचं पाणी बंद पडलं. पाणी बंद पडलं म्हणजे काय झालं, हे मिस्त्री नवख्यांना गॅसवर विसरलेल्या भांड्यावरून समजावायचा. आधी पाणी आटतं, मग आतलं करपतं, मग भांडंच लाल होतं. फरक एवढाच, की गॅस बंद करता येतो. भट्टी बंद केली तरी इंधन आतल्या आत धुमसत राहतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली गत. इंधनाच्या कांड्या वितळल्या, आजूबाजूचं लोखंड त्यात वितळलं, आणि वीतभर जाडीच्या पोलादी भांड्याला बुडाशी भोक पाडून तो रस खालच्या फरशीवर पडला. फरशी तीन मीटर जाड काँक्रीटची. रसाने ती खायला घेतली. पण जितकी खाल्ली तितकं काँक्रीट त्याच्यात मिसळलं, रस दाट झाला, मंद झाला, आणि मीटरभर खोल जाऊन गोठला. काळा, काचेसारखा चकाकणारा, अजूनही माणसाला मिनिटात आडवं करील असा. सगळे त्याला नुसतं 'गोळा' म्हणत. गोळा फरशीत अडकला, तिच्या खाली गेला नाही, असं सगळ्या अहवालांत छापलेलं होतं. तीन मीटरची फरशी वाचली, असं लोक एकमेकांना सांगत आणि जरा हुश्श करत.

फरशी वाचली हे खोटं आहे, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो खोट्या खोलीसमोर खुर्ची टाकून बसलेला असायचा.

मिस्त्री मूळचा पाईपवाला. पस्तीस वर्षांपूर्वी केंद्र बांधलं जात होतं तेव्हा तिशीच्या आतला, हाताचा चलाख आणि तोंडाचा गरीब. फरशीचं काम चालू असताना पंप बिघडला आणि सळ्यांमध्ये पाणी साचलं. दुसऱ्या दिवशी तपासणी. मुकादम म्हणाला, "एक पाईप टाक तिरका, पाणी खालच्या खोलीत सोडून दे. दोन दिवसांचं काम. नंतर बुजवू." मनगट जाईल एवढा पाईप मिस्त्रीने फरशीतून तिरका घातला आणि खालच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीत बाहेर काढला. तपासणी झाली, काँक्रीट पडलं, पाईप आत राहिला. तो नकाशावर दाखवायचा तर नवा नकाशा, नव्या सह्या, महिनाभर काम ठप्प. मुकादमाने उरलंसुरलं सिमेंट दोन्ही तोंडांना कोंबायला लावलं, वरून गिलावा फिरवला आणि म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू विसरलास, मी विसरलो." मुकादमाने शब्द पाळला, कारण तो पुढे मेलाच. मिस्त्रीला विसरणं जमलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर ती जुनी चूक होती, आणि चुका कोण करत नाही? पण पुढचं चूक या शब्दात बसत नव्हतं.

भट्टी वितळली त्याच्या दुसऱ्या दिवशी केंद्राच्या कामगार वसाहतीतली सगळी माणसं एका खेळाच्या हॉलमध्ये आणून ठेवली होती. सतरंज्या, रडणारी पोरं, एकच चालू नळ. सकाळी एक साहेब नकाशाची गुंडाळी घेऊन आला आणि ओरडून विचारू लागला, "भट्टीखालची खोली बांधणारं कुणी आहे का इथे?" मिस्त्रीने हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबाने सतरंजीवर नकाशा पसरला. खालच्या खोलीत पाणी साचलं होतं. वरून रस त्या पाण्यात पडला तर वाफेचा स्फोट व्हायचा, म्हणून माणसं पाठवून तिथला व्हॉल्व्ह उघडायचा होता. व्हॉल्व्हकडे जायला दोन वाटा होत्या. पूर्वेची लांबची, पश्चिमेची जवळची, भिंतीला घासून जाणारी.

"ही भिंत सलग आहे ना? नकाशाप्रमाणेच आहे ना सगळं?" साहेबाने विचारलं.

शेजारी बायको बसली होती, आपल्या माणसाला साहेब विचारतोय म्हणून जरा ताठ होऊन. आजूबाजूचे पन्नास लोक बघत होते. तोंडाला कोंबलेलं सिमेंट टिकलं असेल, मिस्त्रीच्या मनात आलं. एवढ्या मोठ्या फरशीत रसाला नेमका मनगटाएवढा पाईप कसा सापडेल? आणि त्याने सांगून टाकलं, "हो."

पश्चिमेच्या वाटेने गेला तो वसाहतीतला व्हॉल्व्हवाला, मिस्त्रीच्या समोरच्या दारातला. वीस वर्षं दोघं जिन्यात बसून पत्ते खेळलेले, एकमेकांना बिनदिक्कत फसवलेले. व्हॉल्व्ह त्याने उघडला, पाणी गेलं, स्फोट टळला. एकोणिसाव्या दिवशी तो वारला. अहवालात लिहिलं गेलं, की नेमून दिलेल्या वेळेपेक्षा ते जास्त थांबले, धोक्याच्या घंटेकडे त्यांनी दुर्लक्ष केलं. दुसरं कारण कुणाला सापडेना. सलग भिंतीजवळून चार मिनिटांत चालत गेलेल्या माणसाला एवढी किरणांची बाधा होईलच कशी?

पहिल्या दिवशी बोलायला एक शब्द पुरला असता. महिन्याभराने एक पान लागलं असतं. वर्षाने वकील लागला असता. मग साहेबांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं, तुमच्याइतकी त्या खोलीची खडान्‌खडा माहिती कुणाला नाही म्हणाले, आणि खोटी खोली बांधायचं काम दिलं. त्याने ती बांधली. नकाशात होता तो प्रत्येक खिळा त्याने मारला. पाईप नकाशात नव्हता, म्हणून त्याने तो खोट्या खोलीतही घातला नाही.

वसाहतीच्या बत्तीस खोल्यांपैकी आता पाचांतच दिवा लागायचा. बायको चार वर्षांपूर्वी गेली. तिलाही त्याने सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायची सोयच उरली नव्हती. दूर शहरात लेक होती, ती रविवारी फोन करायची आणि ठरल्यासारखी म्हणायची, "बाबा, आता पुरे, इकडे या." तो म्हणायचा, "हे काम संपू दे." काम संपणारं नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं. वसाहतीतला एकेक नळ त्याच्या हातचा होता. रिकाम्या खोल्यांतला एखादा अजून ठिबकायचा, आणि जाता-येता तो आत शिरून वायसर बदलून यायचा. कुणासाठी, असं विचारणारं तिथे कोणी नव्हतं.

त्या सगळ्यात एक माणूस तेवढा त्याच्या वाट्याला आला होता. त्याला सगळे गिरमिट म्हणत. एकतर तो ड्रिल चालवायचा, आणि दुसरं म्हणजे एकदा बोलायला लागला की समोरच्याच्या डोक्याला भोक पडेपर्यंत थांबायचा नाही. चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. तीन आठवडे काम, एक आठवडा घर, असा त्याचा फेरा होता. तो व्हॉल्व्हवाल्याचा मुलगा. लहानपणी मिस्त्रीच्या खांद्यावर बसून फिरलेला. म्हणून दुपारचा डबा तो मिस्त्रीशेजारीच उघडायचा, आणि ती वीस मिनिटं म्हणजे मिस्त्रीचा अख्खा दिवस होता.

त्या सोमवारी डबा खाता खाता गिरमिट म्हणाला, "काका, गुरुवारी माझी पाळी. इंजिनीअर बाईंनी आज जागा पक्की केली."

"कुठली?"

"पश्चिमेची भिंत. खालून चौथ्या खुणेपाशी. त्या भिंतीपाशी किरणांचा आकडा जास्त का येतो ते कुणाला कळत नाही म्हणे. पहिल्या आठवड्यातलं पाणी मुरलं असेल असं बाई म्हणतात. तिथून दंडाएवढा तुकडा कापून काढायचा, तपासायला. गुडघ्यावर बसून चार मिनिटं ड्रिल, दीड मिनिटात बाहेर. डाव्या हाताचा मळ!"

मिस्त्रीचा घास तोंडातच राहिला. चौथी खूण. दुसऱ्या वर्षी त्या भिंतीवर सरसकट दोन वीत काँक्रीट मारलं होतं, म्हणून ती वरून सारखी दिसत होती. त्या दोन वितींच्या मागे पाईपचं तोंड होतं, आणि पाईपात काय येऊन गोठलं होतं ते सांगायला यंत्राची गरज नव्हती. ड्रिल तो तुकडा उपटून थेट गिरमिटच्या मांडीवर आणून ठेवणार होतं.

"दुसरी जागा नाही का?" त्याने विचारलं.

"का हो? तिथे काय भूत आहे?" गिरमिट हसला, आणि मग हात पुसत जरा हळू म्हणाला, "आईला सांगितलं नाही अजून. बाबा त्याच भिंतीकडून गेले होते ना. ती अजून चिडते बाबांवर. म्हणते, कामात हट्ट करायची खोड होती, घंटा वाजत होती तर निघायचं होतं गुमान, पण नाही. स्वतःच्या हाताने गेला माणूस. मी म्हणतो, जाऊ दे ना आई. पण तिचं बरोबर आहे काका, कागदावरच आहे तसं."

खाई त्याला खवखवे. मिस्त्रीचा घसा इतका खवखवला की त्याने अर्धी बाटली पाणी संपवलं. गिरमिटने त्याच्या पाठीवर थापटलं आणि सावकाश जेवा म्हणून दरडावलं.

दुपारभर गिरमिट खोट्या भिंतीपुढे गुडघे टेकत होता आणि मिस्त्री बाहेरून ओरडत होता. आठ वेळा. आठही वेळा काम सहा मिनिटांच्या आत बसलं. इंजिनीअर बाई खूश झाल्या. त्या तिशीतल्या, नव्याने आलेल्या, कुणावर आवाज न चढवणाऱ्या. "मिस्त्रीकाका, तुमची खोली म्हणजे आरसा आहे," असं त्या जाता जाता म्हणाल्या.

मंगळवारी मिस्त्री दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेला. पहिल्यांदा त्या फोनवर होत्या. दुसऱ्यांदा त्या मोकळ्या होत्या, काय काका म्हणून हसल्याही, आणि त्याने विचारलं, "गोदामाची एक ट्यूब गेलीय, बदलू का?" ट्यूब चांगली होती. माणूस किती भित्रा असावा, याला काही धरबंध?

बुधवार सुटीचा. गिरमिट कपडे धुवायला आणि मुलींशी फोनवर बोलायला खोलीत थांबला. गोदामाची किल्ली मिस्त्रीकडे असायची. दुपारी दोन वाजता तो आत शिरला. पत्र्याच्या छपराखाली ऊन साठून गरम झालं होतं, आणि त्याच्या चपलांचा आवाज त्यालाच मोठा वाटत होता. तो खोट्या खोलीत गेला, चौथ्या खुणेपाशी उकिडवा बसला, आणि प्लायवूडवर त्याने पेन्सिलीने मनगटाएवढं वर्तुळ काढलं. वर्तुळ बिघडलं. पुसून पुन्हा काढलं. मग करवतीने ते कापलं.

पाईप त्याला भंगारात मिळाला. तीच जाडी, जवळजवळ तोच जुनाट गंज. त्याने तो भिंतीत बसवला, मागून तिरका वर नेला आणि डोक्यावरच्या खोट्या फरशीत जिथे उघडायचा तिथे उघडला. पाव इंचाचाही फरक ठेवला नाही. पस्तीस वर्षांपूर्वीचं माप त्याच्या बोटांत जसंच्या तसं होतं. काम तासाभराचं होतं, त्याला चार तास लागले, कारण मधेमधे तो नुसता बसून राहत होता. एकदा वाटलं, काढून टाकावा, गिरमिटलाच आजारी पाडावं, चहात काहीतरी घालून. मग आपल्याच विचाराची त्याला शिसारी आली. गिरमिट नाही गेला तर दुसरा कुणीतरी गुडघ्यावर बसणार होता, त्यालाही घरी कुणीतरी होतं.

तोंडाने जे निघत नव्हतं ते हाताने करून ठेवलं, एवढंच. धीटपणा म्हणावा असं त्यात काही नव्हतं.

गुरुवारी सकाळी खऱ्या खोलीकडे निघण्याआधी शेवटचा सराव. गिरमिट पोशाख चढवून आत गेला, गुडघे टेकले, ड्रिल लावलं, आणि थांबला. मुखवट्यातून घोगरा आवाज आला, "काका, इथे भोक आहे."

इंजिनीअर बाई आत गेल्या, वाकून बघितलं, हातातला नकाशा उलटासुलटा केला. "हा पाईप कुठून आला? नकाशात नाही हा."

"खऱ्यात आहे," मिस्त्री म्हणाला. तो खुर्चीतून उठला नव्हता. "फरशीतून येतो. बांधताना टाकला होता, पाणी काढायला. बुजवला होता, पण साधं सिमेंट होतं. रस त्याच्यात उतरला असणार."

बाईंनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा गिरमिटकडे बघितलं. "काम थांबवा," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज तेव्हाही चढला नाही.

दोन दिवस यंत्रांची धावपळ चालली. बोटाएवढी बारीक सळई, तिच्या टोकाला किरण मोजायचं यंत्र, दुसऱ्या बाजूने वळवून भिंतीपर्यंत नेली. शनिवारी दुपारी काटा शेवटाला जाऊन चिकटला आणि तिथेच राहिला. पाईप तोंडापर्यंत भरलेला होता. गोळा फरशीत अडकलेला नव्हता. त्याची एक जीभ अकरा वर्षांपूर्वीच खाली उतरून भिंतीआड गोठली होती.

आणि मग भलतंच झालं. लोक मिस्त्रीच्या पाया पडायचे बाकी राहिले. "काका, काय ती आठवण!" "म्हातारपणी असं डोकं पाहिजे!" बाईंनी टिपणात लिहिलं, की जुन्या कामगाराला ऐन वेळी आठवल्यामुळे अनर्थ टळला, आणि ते वाचून दाखवताना त्यांचे डोळे भरून आले. कबुली द्यायची म्हणून उघडलेलं तोंड मिस्त्रीने मिटलं. त्या संध्याकाळभर तो ते 'आठवलं' अंगावर घेऊन फिरला. ते ऊबदार होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. वसाहतीतल्या बाकीच्या चारही खोल्यांतून त्याला चहाला बोलावणं आलं.

एक गिरमिट तेवढा शुक्रवार-शनिवार दोन्ही दिवस डबा घेऊन आला नाही.

तो आला रविवारी, सकाळी दहाला, मिस्त्रीच्या खोलीवर. खुर्ची होती तरी पलंगाच्या कडेवर बसला.

"मी मोजलं काका," तो म्हणाला. "बाबा ज्या वाटेने गेले ती वाट पाईपच्या तोंडापासून हातभर लांब आहे. तेव्हा वर दोन वीत काँक्रीट नव्हतं. रस ताजा होता. तिथून नुसतं जाता-येता जे लागलं असेल ते पुरेसं होतं. ते जास्त थांबलेच नव्हते."

"नव्हते," मिस्त्री म्हणाला.

गिरमिटने मान खाली घातली. मग घाईघाईने, जणू मिस्त्रीला कुठेतरी पडण्यापासून सावरत, तो बोलू लागला, "तुम्हाला तरी कसं आठवणार म्हणा. चोवीस वर्षं झाली होती बांधून. त्या दिवशी काय गोंधळ होता, मी होतोच की हॉलमध्ये. माणसाला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. आता सराव बघता बघता आठवलं तुम्हाला. हो ना?"

वाट मोकळी होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. उद्या दुपारी पुन्हा दोन डबे शेजारी शेजारी उघडले असते, गिरमिटने मुलींच्या परीक्षांचं सांगितलं असतं, आणि हे असं मिस्त्री मरेपर्यंत चाललं असतं. त्याला ते हवं होतं. दुसरं काहीही नको इतकं हवं होतं.

"आठवत होतं," तो म्हणाला. "साहेबाने विचारलं तेव्हा आठवत होतं. भिंत सलग आहे ना म्हणून विचारलं, मी हो म्हणालो. त्यानंतर रोज आठवत होतं."

गिरमिट त्याच्याकडे बघत राहिला. त्याला राग यायचा होता, पण तो अजून पोचला नव्हता. चेहऱ्यावर नुसतं न समजणं होतं, लहान पोरासारखं.

"का?" त्याने विचारलं.

"घाबरलो. सगळे बघत होते. आणि मला वाटलं, काही होणार नाही." मिस्त्रीने याच्यापेक्षा चांगलं कारण अकरा वर्षं शोधलं होतं. नव्हतंच. "उद्या बाईंना लिहून देतो. अहवाल बदलतील."

"अहवालाचं मरू द्या!" गिरमिट एकदम ओरडला. राग पोचला होता. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "माझ्या आईला काय सांगू मी? अकरा वर्षं ती... तिला कोण सांगणार?"

"मी सांगतो."

गिरमिटने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून तो त्याच्या हातात कोंबला. मिस्त्रीला वाटलं होतं, निदान उद्यापर्यंत वेळ मिळेल. पलीकडे घंटी दोनदाच वाजली.

"बोल रे बाळा."

"वहिनी, मी बोलतोय. समोरच्या दारातला."

"अगं बाई, भाऊजी!" आवाज केवढा उजळला. "किती वर्षांनी! हा सांगत असतो हो तुमच्याबद्दल. याचा जीव वाचवलात म्हणे. मी काल तासभर रडत होते, देवापुढे बसून. तुमचे पांग कसे फेडू मी? जेवता ना नीट? एकट्याने राहून माणूस जेवण टाळतो, मला माहितीय."

मिस्त्रीने गिरमिटकडे बघितलं. गिरमिटने तोंड भिंतीकडे केलं होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "आधी ऐकून घ्या." आणि त्याने सांगितलं. पाईपापासून सुरुवात केली. मुकादमाचं नाव पुढे करावंसं वाटलं, ते त्याने टाळलं. हॉल सांगितला, साहेब सांगितला, आपलं हो सांगितलं. "ते जास्त थांबले नव्हते. घंटेकडे दुर्लक्ष केलं नव्हतं. चार मिनिटांत काम करून वेळेत निघाले होते. जागाच तशी होती, आणि ती तशी आहे हे मला माहीत होतं."

पलीकडे कुकरची शिटी झाली. कुणीतरी गॅस बंद केला. मग तिचा आवाज आला, इतका हळू की फोन कानाशी धरावा लागला.

"वेळेत निघाले होते?"

"हो."

"मी अकरा वर्षं भांडतेय त्यांच्याशी, भाऊजी. रोज. सकाळी उठले की पहिलं तेच. का नाही निघालात म्हणून."

तिने आणखी काही विचारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत, माफ केलं असंही म्हणाली नाही. तिने फोन ठेवला.

गिरमिटने फोन त्याच्या हातातून घेतला. तो खिशात घालण्याआधीच पुन्हा वाजू लागला, आणि तो उचलून गिरमिट बाहेर बोळात गेला. मिस्त्री बसल्या जागेवरून कान देत होता. बराच वेळ बाहेर नुसतं हुंकार भरणं चाललं होतं. मग शब्द ऐकू आले.

"हो, आहेत आत. हो आई, एकटेच. नाही, मी नाही थांबणार त्यांच्याजवळ."

त्यानंतर पावलं जिना उतरून गेली. मिस्त्रीने वाट बघितली, पण ती परत वर आली नाहीत.